तीन ऊस जास्त

ऊसतोडीची टोळी बुधवारी येणार.

शाळेत काठी आणायची नाही, असा तिसरीच्या वर्गाचा नियम.

संयोगिताला पुढचे दोन दात नवे आले.

बाळासोचा ऊस बाहेर काढायचा तर ट्रॉली थोरल्या भावाच्या, नाथाजीच्या रानातूनच न्यावी लागते. दुसरी वाट नाही.

सोमवारी त्रिशला मॅडमनी तिसरीला लांबी शिकवली. पुस्तकं मिटून ठेवली. मुलांनी फळा डस्टरने मोजला, दार वितींनी मोजलं, आणि ऋषिराजला पुन्हा पुन्हा आडवा झोपवून व्हरांडा मोजला. व्हरांडा सहा ऋषिराज भरला. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आलं की मुलं आपणहून विचारतील, असं का? मग आपण फूटपट्टी काढायची, असा मॅडमचा बेत होता. म्हणून त्यांनी घरी करायला दिलं: कोणतीही एक वस्तू घ्या आणि काहीतरी मोजून आणा. काठी सोडून.

संयोगिता बाळासोची मुलगी. तिने ऊस घेतला. पाटाच्या कडेने आधी आपल्या रानाची रुंदी मोजली, मग बांध ओलांडून चुलत्याच्या, म्हणजे आबांच्या रानाची.

"पप्पा," जेवताना ती म्हणाली, "आबांचं रान आपल्यापेक्षा तीन ऊस जास्त हाय."

बाळासोचा घास हातातच राहिला. वाटणी दोघा भावांत समान झाली होती. "कुणी सांगितलं?"

"मी मोजलं. मॅडमनी सांगितलंय."

"आवं, पोरीचा अभ्यास हाय त्यो," बायको म्हणाली. "जेवा गप."

"पोरगी खोटं बोलंल. गणित न्हाई बोलायचं."

मंगळवारी सकाळी तो बांधावर जाऊन उभा राहिला. पलीकडे नाथाजी दात घासत होता.

"दादा, बांध कवा सरकवला?"

नाथाजीने चूळ भरली. "सतरा वर्सं बॉर्डरवर हुतो मी. तिथली लाइन इंचभर हलू दिली न्हाई. तुझा बांध सरकवू व्हय रं?"

"शाळंत सिद्ध झालंय."

"मग ऊस बी शाळंतनंच काढ."

आणि नाथाजीने बाभळीची मोठी फांदी तोडून वाटेवर आडवी टाकली.

टोळी कुणाच्या समेटाची वाट बघत थांबत नाही. ट्रॉलीला वाट नाही असं दिसलं की ती पुढच्या गावाला जाते, आणि मागे ऊस वाळत उभा राहतो. बाळासोला हे ठाऊक होतं. नाथाजीलाही ठाऊक होतं. म्हणून तर फांदी मोठी होती.

दुपारी दोघेही शाळेत हजर झाले. मॅडमनी त्यांना मुलांच्या बाकांवर बसवलं. दोघांचेही गुडघे हनुवटीपाशी आले.

"अहो, ही कृती आहे," मॅडम म्हणाल्या. "उत्तरं चुकावीत म्हणूनच दिली होती."

"म्हंजे तुमी पोरास्नी चुकायला शिकवता?" नाथाजी म्हणाला.

"तसं नाही हो. माझ्याकडे टेप आहे. आपण टेपने मोजू."

"टेप नको," बाळासो घाईने म्हणाला. "टेप आली की मोजणीवाला येतोय. मोजणीवाला आला की कोर्ट."

"करेक्ट," नाथाजी म्हणाला. सकाळपासून दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. "ज्या हत्यारानं वारदात झाली, त्याच हत्यारानं मोजायचं. कालचा ऊस कुठाय गं?"

"संपला," संयोगिता म्हणाली.

पुढे कुणी विचारलं नाही.

अगदी बांधावर उगवलेला, कुणाचाच नसलेला एक ऊस मोडण्यात आला. नाथाजीने त्याचं वाढं, शेंड्याचा हिरवा पाला, छाटलं. मागून तिसरीचा वर्ग दोन रांगांत, मोठ्याने मोजत. वर्गात कुणालाही ठेवता आलं नसतं.

"आरोपीचं आदी," बाळासो म्हणाला.

नाथाजीचं रान मोजून झालं. मुलांनी आकडा तीनदा ओरडून पाठ केला. तेवढ्यात नाथाजीची बायको धोंडुबाई किटली घेऊन आली.

"मला नको," बाळासो म्हणाला.

"भांडान तुमचं हाय भाऊजी, च्या माझा हाय. धरा कप."

चहा झाला. मग बाळासोचं रान. मुलं मोजत गेली, पाठ केलेला आकडा आला, तरी बांध आला नाही. मोजणी आणखी थोडी पुढे गेली.

"दोन ऊस जास्त!" ऋषिराज ओरडला. "संयोगिताचंच जास्त!"

बाळासोने टोपी काढली, झटकली, परत घातली. "आवं मॅडम, पोरांचा खेळ त्यो. ऊस कुठं सरळ असतोय? त्यानं कुठं रान मोजत्यात व्हय?"

"शाळंत सिद्ध झालंय," नाथाजी म्हणाला.

"दादा, लय मनावर घेऊ नगा."

नाथाजीने दोन्ही रानांवरून नजर फिरवली. अशी संधी फौज सोडल्यापासून त्याला मिळाली नव्हती.

"ऱ्हाऊ दे तुला," तो शेवटी म्हणाला. "धाकटा हाईस." आणि आपणच जाऊन त्याने बाभळीची फांदी ओढून बाजूला केली. काटा लागला, तो त्याने कुणाला दाखवला नाही.

बुधवारी टोळी आली. ट्रॉल्या नाथाजीच्या रानातून गेल्या. प्रत्येक ट्रॉलीला नाथाजी हात करत होता आणि बाळासो प्रत्येक वेळी मान खाली घालत होता.

गुरुवारी मॅडमनी वर्गाला विचारलं, "तर मग, आपण ज्याने मोजतो ती वस्तू कशी असावी?"

सगळ्यांसाठी सारखी, असं उत्तर त्यांना हवं होतं. हात एकच वर झाला.

"मॅडम," संयोगिता म्हणाली, "खाता येत न्हाई अशी."

मॅडमनी खिडकीतून दिसणाऱ्या रिकाम्या रानाकडे बघितलं, आणि कपाटातून फूटपट्टी काढली.

मंगळवारी चहा चालू होता तेव्हा ऊस संयोगिताकडे होता.