एकतीस गुणांचा खराब प्रोसेसर

माल खोटा निघाला तर तो परत मागवण्याचं मोठं मन फक्त कंपनीला परवडतं. माणसाचं तसं नसतं. एकदा शब्द देऊन बसलेल्या माणसाला तो परत घ्यायला सबळ कारण लागतं, आणि घरात शोधून ते सापडत नाही. अकोटच्या भगवंतरावांना ते गफ्फारभाईंच्या दुकानात सापडलं, दोन हजार एकच्या उन्हाळ्यात.

अब्दुल गफ्फार यांच्या कॉम्प्युटर सेंटरात तेव्हा संगणकाचा तीन महिन्यांचा कोर्स चाले, झेरॉक्स निघे, आणि लग्नसराईत पत्रिका जुळवून मिळत. (पत्रिका हिंदूंच्या, मशीन मुसलमानाचं, प्रोग्राम पुण्याचा. ग्रहांनी कधी तक्रार केली नाही.) सेवेची खरी मदार मशीनच्या संथपणावर होती. जन्मतारीख, वेळ आणि गाव घातलं की ते अर्धा तास घरघरत बसे. तेवढ्यात चहा होई, आणि मुलीचा बाप गफ्फारभाईंना कोपऱ्यात नेऊन आपली अडचण सांगे. गफ्फारभाई मुलाची जन्मवेळ थोडी पुढंमागं करत. त्याच्या जन्माच्या वेळी बाळंतिणीच्या खोलीतलं घड्याळ बरोबर होतं, असं छातीठोक सांगणारा तालुक्यात होता कोण?

छत्तीसपैकी अठरा गुण जुळले तर लग्न, सतरा आले तर नमस्कार. सतरा हा अत्यंत सभ्य आकडा आहे. त्यानं सोयरीक होत नाही, पण बोलचाल राहते. ती कापसानं मान टाकलेली वर्षं होती, आणि गफ्फारभाईंच्या निरीक्षणानुसार शेती करणाऱ्या पोरांपैकी शंभरात ब्याण्णव सतरावरच अडकत. जिल्हा परिषदेत चिकटलेला एकही अडकला नाही. पाचवा वेतन आयोग ग्रहांनाही लागू झाला असावा.

असं सगळं सुरळीत असताना गफ्फारभाईंना प्रगतीची हौस आली. त्यांनी अकोल्याहून एका परदेशी कंपनीचा नवा प्रोसेसर, म्हणजे मशीनचा मेंदू, आणून बसवला. त्यावर पहिलं गिऱ्हाईक आले भगवंतराव.

भगवंतराव स्वतः वीस एकरांचे शेतकरी. सभेत माइक हाती आला की शेतकरी जगाचा पोशिंदा आहे, हे ते टेबलावर मूठ आपटून सांगत. पोशिंद्याला पोरगी द्यावी, असं मात्र त्या भाषणात कुठं येत नसे. आणि त्यांच्या पौर्णिमेनं नेमका पोशिंदाच पसंत केला होता. अमोल, त्यांचे जिवाभावाचे दोस्त पुंजाजी यांचा मुलगा. निर्व्यसनी, शिकलेला, आणि शेती करणारा. शेतीही खुशीनं (हे जास्त गंभीर होतं). पुंजाजीला तोंडावर नाही कसं म्हणायचं? भगवंतरावांनी रीतसर मार्ग धरला आणि दोघं पत्रिका घेऊन सेंटरात गेले.

बसले, चहा सांगितला. चहावाल्यानं स्टोव्ह पेटवायच्या आत कागद बाहेर पडला. एकतीस गुण.

भगवंतरावांना कोपऱ्यात जायची सवडच मिळाली नाही. पुंजाजींनी त्यांना मिठी मारली, पेढे मागवले, साखरपुड्याची तारीखही तिथंच ठरली. भगवंतराव पेढा खाताना हसत होते. घरी येऊन त्यांनी बायकोला, मैनाबाईंना, सांगितलं, "बुडालो."

पण सज्जनांना देव तारतो. साखरपुड्याला चार दिवस असताना कंपनीनं तो प्रोसेसर माघारी बोलावला. अत्यंत उष्ण हवामानात त्याची आकडेमोड क्वचित चुकू शकते, तरी ग्राहकांनी माल परत करावा आणि तूर्त जुना वापरावा. (कंपनी ज्याला अत्यंत उष्ण हवामान म्हणते, त्याला अकोटात सकाळचे दहा म्हणतात.) गफ्फारभाईंनी इमानदारीनं गिऱ्हाइकांना कळवलं. भगवंतराव धावत आले.

"माह्या पोरीचं आयुष्य अशा खराब चिपवर? पुन्ना काढा पत्रिका!"

"भाऊ, लाखात एखांदा हिसाब चुकते म्हनते कंपनी."

"मंग तो एखांदा आमचाच!"

पौर्णिमा मागोमाग आलीच होती. ती म्हणाली, "बाबा, तुमी पत्रिका पाहून राहिले का सातबारा? तुमी बी शेतकरीच होय नं? माह्या मायनं तुमाले केलंच नं?"

"तिले काय सुख भेटलं, ते इचार तिले," भगवंतराव म्हणाले. हे मात्र ते मनापासून बोलले होते, आणि बोलून झाल्यावर त्यांना पोरीकडं बघवेना.

पुंजाजींना बोलावणं गेलं. जुना प्रोसेसर बसला. मशीन घरघरू लागलं, चहा आला, भगवंतराव कोपऱ्यात जाऊन आले. अर्ध्या तासानं कागद निघाला. सतरा.

पौर्णिमेनं कागद वाचून टेबलावर ठेवला. "मशीन खराब होतं तवा आमचं जमलं. सुधरलं, अन् मोडलं," असं म्हणाली आणि सगळ्यांसमोर रडली. भगवंतरावांच्या पोटात तुटलं. पण एकुलत्या पोरीचं भलं करताना बापाच्या पोटात तुटतंच, अशी समजूत घालून ते तिला घरी घेऊन गेले. आषाढाच्या आत तिचं लग्न पुण्याच्या एका नोकरीवाल्याशी लागलं. त्याची पत्रिका पाहिली नाही, कारण पगार पाहिला होता.

पुंजाजी मात्र त्या दिवशी मागं बसून राहिले. उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले, "पत्रिकेपुढं कोनाचं चालते!" मग इकडंतिकडं पाहून ते उठले आणि गफ्फारभाईंना कोपऱ्यात घेऊन गेले.

"आमच्या पोरीले, जयवंताले बी एक स्थळ सांगून आलं. पोरगं सोन्यासारखं आहे हो. पन शेतीच करते. तिचं या जुन्या मशीनवरच लावजा."

पुढं कंपनीनं निर्दोष प्रोसेसर फुकट पाठवला. गफ्फारभाईंनी तो साभार परत केला. तालुक्यात मागणी नव्हती.

भगवंतरावांचा ज्या वाचकांना राग आला असेल, त्यांचं मन थोर आहे, यात शंका नाही. त्यांनी फक्त आपल्या मुलीचा बायोडाटा काढावा, 'अपेक्षा' या शब्दापुढं काय टाइप केलंय ते मोठ्यानं वाचावं, आणि मग जेवायला बसावं.