फोर्ट हॅलोरनमधील पलायनासंबंधी

मंगळवारी सकाळी सव्वादहाच्या सुमारास चौथीच्या वर्गातली शिपाई ओडेसा ब्रुंगार्ट फोर्ट हॅलोरनच्या जुन्या लष्करी ठाण्यावरून पळून गेली. पळून म्हणजे चालत. तिने फावडं भिंतीला टेकवून ठेवलं, हात झटकले, आणि मैदान ओलांडून ती ओढ्यापलीकडे कॉटनवुडच्या झाडाच्या सावलीत जाऊन बसली.

इतिहास पुस्तकातून कळत नाही, तो तळहाताला फोड आल्यावरच कळतो, यावर तज्ज्ञांचं आता एकमत आहे. (तज्ज्ञांचे तळहात तपासण्यात आलेले नाहीत.) म्हणूनच आमच्या जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांची चौथी दर वसंतात फोर्ट हॅलोरनला येते आणि एक दिवस सरहद्दीवरचं शिपाई-जीवन प्रत्यक्ष जगते. ठाण्यावर नेहमी १८६८ साल असतं. सकाळी झेंडा चढल्यापासून दुपारी चारला तो उतरेपर्यंत त्यानंतरचं कोणतंही साल आत आणायला परवानगी नाही. ज्यांना फोन करायचा असेल त्यांनी पार्किंगमध्ये जावं. तिथे चालू शतक आहे.

मुलांची शपथ होते, कवायत होते, लाकडी बंदुका मिळतात. घरचे डबे कोठारात जमा होतात आणि त्यांच्या जागी घेवड्याचं कालवण व दगडासारखं बिस्किट येतं. (बिस्किटात गहू, दूध, अंडं किंवा चव यांपैकी काहीही नाही, असं हमीपत्र पालकांना आधी पाठवलं जातं.) मुख्य धडा मात्र श्रमाचा. मुलं कुंपण रंगवतात, गवत उपटतात आणि संडासासाठी चर खणतात. १८६८ मध्ये ही कामं शिपाई करत. गेल्या वर्षापर्यंत सरकारी माळी करत. आता अनुभवाधारित शिक्षण करतं. या ठाण्यावर शत्रूचा हल्ला एकदाही झाला नाही, हेही मुलांना प्रांजळपणे सांगितलं जातं. ज्या शायेन आदिवासींच्या माळावर ठाणं बसलं त्यांची माहिती स्वच्छतागृहामागच्या फलकावर आहे. फलक दुरुस्तीला गेला आहे.

ठाण्याचे कॅप्टन लाइल ओबरहोल्ट्झर पीकविम्याच्या नोकरीतून निवृत्त झाले तेव्हापासून या पदावर आहेत. मंगळवार त्यांच्या दृष्टीने साधा दिवस नव्हता. राज्याच्या शिक्षण खात्याकडून मिस वीम्स नावाच्या परीक्षक आल्या होत्या. सहली पुढे चालू ठेवायच्या की ठाण्याला कुलूप लावायचं, हे झेंडा उतरल्यावर त्या सांगणार होत्या. गवताची एक काडी वाकडी दिसू नये म्हणून कॅप्टन पहाटेपासून राबत होते. काही प्रत्यक्षदर्शींच्या मते ते प्रार्थनाही पुटपुटत होते.

पलायनापूर्वी चराजवळ झालेलं संभाषण असं:

"कॅप्टन, हे किती दिवस खणायचं?"

"भरती पाच वर्षांची असते, शिपाई."

"आणि नंतर?"

"नंतर पुन्हा भरती होता येतं."

ओडेसाने यावर विचार केला. मग ती कोठारात गेली, डब्यातला आजीने भाजलेला कोबी-खिम्याचा पाव तिने खिशात घातला आणि वर सांगितल्याप्रमाणे निघाली.

"हाक मारू का तिला?" सार्जंट मर्लने विचारलं. मर्ल म्हणजे कॅप्टनचा मेहुणा.

"अठराशे अडुसष्टमध्ये पळपुट्यांना हाका मारत नसत. तुकडी पाठवत."

"अरे लाइल, ती बघ ना, समोर बसून पाव खातेय."

"ड्यूटीवर मला लाइल म्हणायचं नाही."

"बरं, कॅप्टन. ताईला सांगतो, आज जेवायला कॅप्टन येताहेत, लाइल नाही."

तेवढ्यात मिस वीम्स जवळ आल्या. "हा कार्यक्रमाचा भाग आहे का?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणावं तर ठाण्यात शिस्त नाही असं ठरलं असतं. कॅप्टन म्हणाले, "इतिहासाचा भाग आहे, मॅडम. त्या काळी दर तीन शिपायांत एक पळायचा." हे खरं आहे. सकाळच्या व्याख्यानात त्यांनी ते मुलांनाही सांगितलं होतं, आणि मुलं ऐकत नाहीत ही तक्रार या घटनेने कायमची निकालात निघाली.

पहिल्या तुकडीत रांगेत सर्वांत सरळ उभी राहणारी मुलं निवडली गेली. ती पावलाला पाऊल जुळवत ओढ्यापर्यंत गेली, ओढा उतरली आणि ओडेसाशेजारी बसली. "कॅप्टन, आम्हीपण पळालो!" अशी आरोळी थोड्या वेळाने ठाण्यावर स्पष्ट ऐकू आली.

"पाठलागावर गेलेल्या तुकड्याही पळत," कॅप्टन म्हणाले. हेही खरं आहे. मात्र या वेळी त्यांचा आवाज सकाळइतका खणखणीत नव्हता.

"विलक्षण," मिस वीम्स म्हणाल्या. "हे मला जवळून पाहायला हवं."

दुसऱ्या तुकडीत उरलेला सगळा वर्ग, त्यांच्या शिक्षिका मिसेस हॉर्टन आणि निरीक्षक म्हणून मिस वीम्स होत्या. निघण्यापूर्वी मिसेस हॉर्टन यांनी नियमानुसार पार्किंगमध्ये जाऊन पालकांना फोन केले. जेवणाच्या वेळेपर्यंत मिस वीम्स यांचे बूट ओढ्याच्या अलीकडच्या काठावर व्यवस्थित जोडीने ठेवलेले दिसत होते. मिस वीम्स स्वतः पलीकडे होत्या. दुर्बिणीतून पाहणाऱ्यांच्या मते त्या मुलांबरोबर पाण्यात दगड रचून बांध घालत होत्या. त्यासाठी त्यांना कोणी शपथ दिलेली नव्हती.

दुपारी दोनपर्यंत पालक आले. त्यांत गावचे दंतवैद्य होते, बँकेचे कॅशियर होते, खताच्या दुकानाच्या मालकीणबाई होत्या. मुलं नजरेसमोर सुखरूप होती, त्यामुळे घाबरण्याचं कारण नव्हतं. फक्त त्यांना आणायचं होतं. कॅप्टननी सर्वांना लोकरीचे निळे कोट दिले आणि मर्लला तुकडीचं नेतृत्व दिलं.

"मर्ल, तू तरी परत ये."

"ताईने सांगितलंय म्हणून आलो होतो रे इथे," मर्ल म्हणाला. "चल, येतो."

तिसऱ्या तुकडीचे कोट कॉटनवुडच्या फांद्यांवर वाळत घातलेले आहेत. दंतवैद्यांनी पलीकडून दवाखान्यात फोन करून बुधवारच्या रुग्णांना गुरुवारी बोलावलं. नंतर पुन्हा फोन करून गुरुवारचंही रद्द केलं.

चार वाजले. झेंडा उतरवायला नियमाप्रमाणे किमान एक शिपाई आणि एक बिगुलवाला लागतो. ठाण्यावर फक्त कॅप्टन होते. त्यामुळे झेंडा उतरलेला नाही, १८६८ संपलेलं नाही आणि ठाण्याचं भवितव्य ज्यांच्या हाती आहे त्या मिस वीम्स यांचा निर्णय लागू शकलेला नाही. कॅप्टननी काठावरून त्यांना त्याबद्दल विचारलं तेव्हा त्या ओरडून म्हणाल्या, "पाच मिनिटं, कॅप्टन! बांध होत आलाय!" हे साडेचारला घडलं.

पावणेसहाला कॅप्टन मिस वीम्स यांच्या बुटांशेजारी बसलेले होते. त्यांच्या उजव्या पायातला बूट निघालेला होता. डाव्याची नाडी ते सोडत होते की बांधत होते, याबद्दल प्रत्यक्षदर्शींत मतभेद आहेत.

चौथ्या तुकडीसाठी नावं हवी आहेत, अशी सूचना आम्ही दुपारीच प्रसिद्ध केली होती. तेव्हापासून आमच्या कार्यालयातला फोन थांबलेला नाही. वाचकांच्या या कर्तव्यतत्परतेबद्दल आम्ही आभारी आहोत. मुलं परत आली का, असं अद्याप कोणीही विचारलेलं नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच आहे: ओढ्याला पाणी किती आहे?

(घोट्याएवढं.)