नानांचा खोकला

अंगावरचा डाग बघायला चहाचं आमंत्रण मिळतं, ते शिंदखेड्यात फक्त आमच्या शेजारच्या नानांकडे. हृदयात स्टेंट बसवून आल्यापासून, रक्त पातळ करायच्या गोळीने त्यांच्या हातावर जांभळे डाग उठतात. नाना बाही वर करून ते आल्यागेल्याला दाखवतात, कपाशीवरचा रोग दाखवावा तसे. मी निवृत्त मास्तर, म्हणजे बोलूनचालून हक्काचा प्रेक्षक.

डागांचं त्यांना कौतुकच होतं. त्रास होता तो खोकल्याचा. कोरडा, दिवसभर. आधी नव्हता, म्हणजे सहा गोळ्यांपैकी एकीचं हे काम, एवढं त्यांनी ताडलं. पण डॉक्टरांना विचारतील तर ते नाना कसले! चाळीस वर्षं कपाशी केलेला माणूस. बाजारात नवं औषध आलं की शेतात एक ओळ बिनफवारणीची ठेवायची आणि फरक बघायचा, ही त्यांची रीत. तोच प्रयोग त्यांनी स्वतःवर लावला. आठवड्याला एक गोळी बंद. पहिल्या आठवड्यात पित्ताची, दुसऱ्यात कोलेस्टेरॉलची.

तिसऱ्या सोमवारी सकाळी मी गेलो, तर नाना रक्त पातळ करायची गोळी डबीतून काढून बाजूला ठेवत होते.

"आते हाई ओय," म्हणाले. म्हणजे आता या ओळीची पाळी.

मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली. ही गोळी चुकली तर स्टेंट तुंबेल, हे डॉक्टरांनी माझ्यासमोर तीनदा बजावलं होतं. कपाशीची ओळ गेली तर पुढच्या साली पुन्हा पेरता येते, असं मी त्यांना चांगलंच सुनावलं. समोर बसून गोळी गिळायला लावली आणि गाडीत घालून थेट धुळ्याला नेलं.

डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही झापलं. खोकला निघाला रक्तदाबाच्या गोळीचा. ती त्यांनी बदलून दिली, आणि दोन-तीन आठवड्यांत खोकला गेलाही.

परवा गेलो, तर नाना ओट्यावर पेपर वाचत होते. दर पाच मिनिटांनी मान वर करायचे, घराकडे तोंड करून खोकायचे, की पुन्हा पेपर. खोटा आजार मास्तरला लगेच कळतो, जन्मभर वर्गात तोच पाहिलाय. मी विचारलं, आता हे काय नवीन?

आत त्यांच्या घरच्या, अक्का, भाकरी थापत होत्या. हृदयाचा झटका आला त्या दिवशी नाना याच ओट्यावर गप बसून होते, आणि आत अक्कांना अर्धा तास पत्ता नव्हता.

नानांनी आवाज खाली आणला. "मास्तर, मी गप ऱ्हायनू का ती भाकर सोडीसन बाहेर येस. रोज एक भाकर तवावर जयस."

बोलता बोलता आतली थापथाप थांबली होती. नाना दाराकडे वळून खोकले, आणि ती पुन्हा सुरू झाली.