काकांच्या सर्व्हरची परीक्षा

कंपनीचा संगणक विभाग म्हणजे एकटे काका. आणि त्यांच्या गळ्यात पडलेला सर्व्हर म्हणजे नऊ वर्षांचं हट्टी धूड. रोज साडेदहाला सगळ्यांची कामं जोरात सुरू झाली की ते मान टाकायचं. त्यापायी तीन वर्षांत काकांना सलग चार दिवस रजा मिळाली नव्हती. आता लेक बाळंत झाली होती आणि काकूंनी बजावलं होतं, "या खेपेला मी एकटी जायची नाही. नातवाला काय सांगू, आजोबा यंत्राला धरून बसलेत?"

नवा सर्व्हर आला तरच रजा. तो हवा की नको, हे बुधवारी दहा ते अकरा मोजमाप करून बाहेरचा तपासनीस ठरवणार होता. काकांनी आदल्या दिवशी टेबलाटेबलापाशी जाऊन सांगितलं, "उद्या चाचणी आहे. रोजच्यासारखंच काम करा."

त्यांची पाठ वळताच आवक-जावकच्या बाईंनी सूत्रं हाती घेतली. "भिडस्त माणूस, ते म्हणणारच तसं! यंत्र अडलं तर ठपका कुणावर? काकांवरच ना? उद्या अकरापर्यंत संगणकाला कुणी हात लावायचा नाही. सगळं कागदावर!"

बुधवारी सर्व्हर असा पळाला की काकांना घाम फुटला.

"नऊ वर्षांचा?" तपासनीस थक्क झाला. "याला अजून पाच वर्षं मरण नाही!"

"जरा वेळ आणखी बघा ना," काका अजिजीने म्हणाले. "परक्यांसमोर तो शहाण्यासारखा वागतो."

साहेब मात्र खूश. "शाब्बास काका! नवी खरेदी रद्द. आत्ताच मुख्यालयाला लिहितो."

काका पडेल चेहऱ्याने साहेबांच्या खोलीतून बाहेर आले. बाई वाटच बघत होत्या. "झालात ना पास? तासभर एकानेही माउसला बोट लावलं नाही!"

टेबलांवर कागदांचे ढीग होते. इतक्या मायेने आपलं वाटोळं कुणी केल्याचं काकांना आठवेना. साहेबांना खरं सांगावं, तर बाईंची धडगत नव्हती. ते आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

"चला रे, अकरा वाजले!" बाईंनी हाळी दिली. तासाभराचं तुंबलेलं काम भरायला चाळीस जणांनी एकदम हात चालवले.

पाचव्या मिनिटाला साहेबांच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. मागे तपासनीस होता.

"काका! माझं पत्र अर्ध्यात गायब झालं!"

"कुठलं, साहेब?"

"यंत्र उत्तम चालतंय म्हणून लिहीत होतो, तेच!"

कुणी हसलं नाही. हसायची सोयच नव्हती. तपासनिसाने आपला अहवाल हळूच बॅगेत सरकवला. साहेबांनी बाईंच्या टेबलावरचा कोरा कागद ओढला, नव्या सर्व्हरची मंजुरी हाताने लिहिली आणि सही ठोकली. त्यांचा विचार बदलायच्या आत बाईंनी त्यावर जावक शिक्काही मारला.

काकांनी घरी फोन लावला. काकूंनी उचलताच विचारलं, "पडला ना पुन्हा सर्व्हर? जेवायला थांबू नको, हेच सांगायचंय ना?"

"पडला गं, अगदी वेळेवर पडला!" काका म्हणाले. "नवा सर्व्हर येतोय, पंधरा दिवसांनी निघायचंय. बॅग आजच भर, दोघांची!"