डब्यावरची चिठी

तातू कुणाच्याही घरात शिरले की आधी माणसांकडे बघत नसत. वाकून चुलीशेजारच्या डब्यांकडे बघत, एकेकाचं बूच काढून वास घेत आणि मान वर करून विचारत, "चिठी खंय आसा?"

मालवणच्या बाजारात त्यांचं रॉकेलचं दुकान होतं. डबा गिऱ्हाईकाच्या घरी गेला तरी आपलाच, अशी त्यांची पक्की समजूत. दर रविवारी सकाळी खांद्याला झोळी, झोळीत खळीची वाटी, कागदाच्या चिठ्या आणि लाल शाई असा सरंजाम घेऊन ते घरोघर तपासणीला निघत. चिठीवर ठसठशीत 'रॉकेल' लिहिलेलं, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी खाली एक ज्योत काढलेली. ती ज्योत मिरचीसारखी दिसते असं मी एकदा बोलून गेलो. तेव्हापासून माझ्या डब्यांवर ते दोन ज्योती काढू लागले.

मी हायस्कुलात शास्त्र शिकवायचो. घाटावरून आलेला, त्यात बी.एस्सी., तेव्हा घमेंड भरपूर. ज्वलनशील पदार्थांचा धडा असा रंगवायचो की शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीशी जमत. घरी मात्र दिव्याचं रॉकेल खोबरेलाच्या जुन्या बाटलीत, आणि बाटली चुलीपासून वीतभर अंतरावर.

"मास्तरांनू, तेलाच्या बाटलेत राकेल भरूचा नाय," तातू बजावत. "आणि चुलीपासून चार हात लांब. तुमचे हात नको, माझे मोजा."

"तातू, मला वास कळतो," मी हसून म्हणे.

एके सकाळी तो कळला नाही. मला सणसणीत पडसं झालं होतं आणि नेमके त्याच दिवशी शाळा तपासायला साहेब येणार होते. म्हणून मी ओंजळभर तेल डोक्याला चोपडलं, झोकात भांग पाडला आणि साहेबांसमोर ज्वलनाचा प्रयोग दाखवायला स्पिरिटचा दिवा पुढे ओढला. काडी ओढणार, तोच पहिल्या बाकावरची मुलगी किंचाळली, "सर, तुमच्या डोक्याक राकेलाचो वास येता!"

साहेबांनी काडेपेटी माझ्या हातातून काढून घेतली. "शिक्षकानं प्रयोगात स्वतःला इतकं झोकून देऊ नये," एवढंच म्हणाले. मी शाळेच्या विहिरीवर शिकेकाईनं तीनदा डोकं धुतलं.

संध्याकाळी तातू आले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं, पण ओरडले नाहीत. त्यांनी बाटलीतलं रॉकेल डब्यात ओतलं आणि बाटली फोडून टाकली. डब्यात वर चार बोटं जागा रिकामी सोडली, बूच घट्ट बसवलं, चिठी डकवली आणि डबा मागच्या पडवीत सावलीला नेऊन ठेवला. जाताना म्हणाले, "केस परत येतत, मास्तरांनू. तुमका काय झाला आसता तर वैनीन कोणाकडे बघूचा?"

त्या दिवसापासून मी सुधारलो. इतका, की तातूंना आमच्या घरात चूक म्हणून सापडेना. पूर्वी ते तासभर माझा उद्धार करत, मग हिच्या हातचा चहा घेत. आता डबे बघत, बुचं हलवून बघत आणि "बरा आसा" म्हणून दोन मिनिटांत बाहेर पडत. मला मात्र पहिला नंबर आल्याचा आनंद.

त्यातच गावात वीज आली. कंदील माळ्यावर गेले आणि तातूंच्या फेरीतली घरं कमी होत चालली. एका रविवारी मी त्यांना एका दारात उभे पाहिलं.

"तातूनू, आमच्याकडे आता राकेल नाय ओ, लाइट आसा," आतून बाई म्हणाली.

"बरा झाला गो बाये," तातू म्हणाले. बाई कामाला निघून गेली तरी ते झोळी सावरत तिथेच उभे होते.

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "त्यांची बायको कधीच गेली, मुलगा मुंबईला. रविवारी दुकानही बंद," ती म्हणाली. "तुम्हाला काय वाटलं, ते डबे बघायला येतात?"

बी.एस्सी. माणसाला इतक्या वर्षांत हे सुचलं नव्हतं. मला फार लाज वाटली. त्या माणसाला आमच्याकडे टेकायला एक निमित्त हवं होतं, आणि ते मी शहाणा होऊन काढून घेतलं होतं.

पुढच्या रविवारी सकाळीच मी डब्यावरची चिठी खरवडून काढली आणि डबा स्वयंपाकघरात चुलीजवळ आणून ठेवला. बायकोनं त्याआधी चूल विझवून निखारे बाहेर टाकले. माझ्या प्रयोगांवर तिचा तेवढाच विश्वास होता.

तातू आले, वाकले, आणि त्यांचा आवाज घरभर घुमला, "चिठी खंय आसा?"

मग सगळं यथासांग झालं. माझी पदवी निघाली, माझं हायस्कूल निघालं, माझे केससुद्धा निघाले. मी खाली मान घालून ऐकत होतो आणि मला फार बरं वाटत होतं. शेवटी तातूंनी डबा पडवीत नेला, मांडी घालून बसले आणि चिठी डकवण्यासाठी पत्र्यावरून बोट फिरवलं. बोट थांबलं. पत्र्यावर ताजे ओरखडे होते आणि माझ्या नखांत वाळलेली खळ.

त्यांनी माझ्या नखांकडे एकदा पाहिलं. खळ लावली, चिठी डकवली, तळव्यानं हळूहळू दाबली.

"मास्तरांनू," मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "चिठी अशी खरवडू नये. पत्र्याक गंज धरता, डबो गळूक लागता. ओलो फडको घालून ठेवा, मगे आपसूक सुटता."

मी मान डोलावली.

"फुडल्या आयतवाराक तशी काढा," तातू म्हणाले, आणि आत वळून हाक मारली, "वैनीनू, आता चूल पेटवा. चाय ठेवा. आज मी वायच बसतंय."