उडत्या घरांचा सिनेमा

"आज बघच तू! माझा सिनेमा ऐकून एकेकाचं तोंड उघडं राहणार!" पडदेवाले आरशासमोर मिशी विंचरत म्हणाले.

"तुमच्या मंडळाची अध्यक्ष दातांची डॉक्टर," बायको म्हणाली. "तिच्यासमोर तोंड उघडं राहायचंच!"

पडदेवाल्यांनी या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं. घराला लागूनच खिडक्यांचे पडदे शिवून विकण्याचं त्यांचं दुकान. मागच्या लांबट खोलीत दर रविवारी सकाळी सिनेमावेड्यांचं मंडळ जमायचं. कारण भिंतभर पांढरं कापड फुकटात ताणून देणारा दुसरा दाता गावात नव्हता. कापड यांचं, खुर्च्या यांच्या, चहा यांचा. मत मात्र यांना कुणी विचारत नसे! दिवे मालवले की पडदेवाल्यांचे डोळेही मालवायचे, आणि मग ते असे काही घोरायचे की पडद्यावरची नायिका नुसतीच तोंड हलवताना दिसायची.

पण त्या रविवारी प्रत्येकाने आपला आयुष्यभराचा लाडका सिनेमा सांगायचा होता. ज्याला जास्त हात वर होतील, तो पुढच्या रविवारी दाखवायचा.

निवृत्त हेडमास्तरांनी सुरुवात केली. त्यांच्या सिनेमात एक माणूस विहिरीत वाकून बघतो.

"मग?" बेकरीवाल्याने विचारलं.

"मग काय? बघतो! शेवटपर्यंत बघतो!"

बेकरीवाल्याने मारामारीचा सिनेमा सांगितला, म्हणजे जवळजवळ करूनच दाखवला. त्यात दोन कप गेले. डॉक्टरबाईंचा लाडका नायक हसला की थिएटरात उजेड पडायचा म्हणे. "असे दात पुन्हा होणे नाही! गोष्ट? गोष्टीकडे लक्षच गेलं नाही हो माझं."

शेवटी पडदेवाले उठले. घसा खाकरला, आणि डोळे मिटूनच बोलू लागले.

"समुद्राकाठी एक गल्ली असते. टळटळीत दुपार. सगळ्या खिडक्या सताड उघड्या, आणि प्रत्येक खिडकीला पडदा. मग वारा येतो. पडदे शिडांसारखे फुगतात. आणि एक घर हळूच जमिनीवरून सुटतं. आवाज नाही, काही नाही. पिकलं फळ देठातून सुटावं तसं. मग शेजारचं. मग त्याच्या पलीकडचं. बघता बघता अख्खी गल्ली पाण्यावरून तरंगत निघते. कुणी ओरडत नाही की घाबरत नाही. एक म्हातारी खिडकीतून शेजारच्या घराला विचारते, 'अगं, वाटीभर साखर आहे का?' शेजारीण हवेतच हात लांब करून वाटी देते. आणि खाली पाण्यावर घरांच्या सावल्या... मोठ्या मोठ्या माशांसारख्या..."

बेकरीवाल्याचा खारीचा तुकडा तोंडाशीच थांबला होता.

"अभिजात!" हेडमास्तर भानावर आले. जगात आपण न पाहिलेला सिनेमा असावा, हे त्यांना कधीच पटलेलं नव्हतं. "नाव ओठांवर आहे माझ्या. मी पाहिलाय!"

बेकरीवाला मागे कसा राहील? "मी दोनदा! शेवटी घरं बुडतात तेव्हा ढसाढसा रडलो!"

"बुडत नाहीत! ढगांत जातात!"

"बुडतात! माझा रुमाल भिजला होता, मास्तर!"

"अहो, पडदेवाल्यांनाच विचारा ना," डॉक्टरबाई मध्ये पडल्या.

"शेवट मला... आठवत नाही," पडदेवाले चाचरले. "नावही नाही आठवत. पण लग्नानंतर आम्ही दोघांनी पाहिलेला पहिला सिनेमा, एवढं नक्की."

"बघा! नाव, शेवट सगळं विसरायला लावणारा सिनेमा!" डॉक्टरबाईंनी जाहीर करून टाकलं आणि सगळे हात वर गेले. पडदेवाले घरी आले ते आपणही जमिनीपासून वीतभर वर आहोत, अशा थाटात!

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरबाई खुर्चीत आ वासून बसलेल्या प्रत्येक पेशंटला विचारू लागल्या, "उडत्या घरांचा सिनेमा पाहिलाय का हो?" तोंडात आरसा आणि चिमटा असताना माणूस काय बोलणार? "आं आं!" बाईंनी तो होकार धरला. गुरुवारपर्यंत निम्म्या गावाने तो सिनेमा पाहिलेला होता! बेकरीवाल्याने बेकरीच्या दारावर सिनेमाची पाटी लावली. हेडमास्तर म्हणाले, "चिंता नको. माझ्या एका माजी विद्यार्थ्याकडे आहे. तो पाठवतोय."

रविवारी सकाळी विद्यार्थ्याचं पाकीट आलं. आतली सीडी लावून पाहिली, तर त्याच्या स्वतःच्या लग्नाचं शूटिंग!

मागच्या खोलीत खुर्च्या भरत होत्या. पडदेवाले धावत स्वयंपाकघरात गेले. "अगं, लग्नानंतर आपण पहिला सिनेमा पाहिला, त्याचं नाव काय?"

"तो दरोडेखोरांचा?"

"दरोडेखोर कुठले! घरं उडतात तो!"

बायकोने हातातला झारा खाली ठेवला. "अहो, पहिली गोळी सुटली आणि तुमची मान माझ्या खांद्यावर पडली, ती दिवे लागल्यावरच उठली. मध्ये एकदा 'साखर द्या' म्हणालात. मला लाजेनं मेल्यासारखं झालं!"

पडदेवाले मटकन स्टुलावर बसले. इतकी वर्षं जिवाशी धरलेला सिनेमा! "म्हणजे तो... मी एकट्यानेच पाहिलाय? पण हेडमास्तरांनीही पाहिलाय ना!"

"मास्तर तुमच्या स्वप्नात काय करत होते?"

पडदेवाले पाय ओढत कोऱ्या पडद्यासमोर जाऊन उभे राहिले. "मंडळी, सिनेमा नाही," ते कसंबसं म्हणाले. "कुठेच नाही. मला झोपेत पडलेलं स्वप्न आहे ते. माफ करा."

"अशक्य!" हेडमास्तर ताडकन उठले. "मी पाहिलाय!"

"आम्हीपण!" दहा-बारा आवाज आले. त्यांतले निम्मे पेशंट होते.

"मग सांगा तरी!" मागून कुणी तरी ओरडलं.

पडदेवाल्यांनी डोळे मिटले. वारा आला, पडदे फुगले, घरं सुटली. खोलीतले लोक खुर्च्यांच्या कडा धरून बसले. मागे भिंतीवरचं कापड खिडकीतल्या झुळकेने हलत होतं आणि कुणालाच ते कापड वाटत नव्हतं. सावल्या मासे झाल्या, आणि पडदेवाले अडले. पुढचं दिसेचना.

"मग?" बेकरीवाल्याने कुजबुजत विचारलं.

"मग संध्याकाळी वारा पडला," दारातून बायको म्हणाली. ती पदराला हात पुसत कधी येऊन उभी राहिली, कुणालाच कळलं नव्हतं. "घरं एकेक करून खाली उतरली. पण सगळी अदलाबदल होऊन! कुणाच्या शेजारी कोण, काही पत्ता नाही. मग प्रत्येकाने दार उघडलं आणि नव्या शेजाऱ्याला म्हटलं, 'या ना, चहा टाकलाय.'"

टाळ्यांचा कडकडाट झाला आणि बेकरीवाल्याचा रुमाल खरोखरच भिजला. पडदेवाले बायकोकडे बघत राहिले, जणू तिला आजच पहिल्यांदा पाहत होते.

"अगदी अस्साच होता!" हेडमास्तर डोळे पुसत म्हणाले.

डॉक्टरबाईंनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "पुढच्या रविवारी दुसरा भाग!"

दुपारी जेवणं झाली. बायकोने उशी आणून दिली, खिडकी उघडली, पडदा सोडला आणि म्हणाली, "झोपा आता मुकाट्याने. लोक वाट बघतायत!"

आणि जन्मात पहिल्यांदाच, काही केल्या, पडदेवाल्यांचा डोळा लागेना!