कवच खातं आणि आईची शिकवणी

माझी ओळख चोरणारा अजून जन्माला यायचाय! हे वाक्य मी गेल्या वर्षी इतक्या वेळा म्हटलं की शेजारी मला जिन्यात पाहिलं की परत घरात शिरायचे. पण मी नाही म्हणायचं तर कोणी म्हणायचं? तीस वर्षं कुलूप-किल्लीचं दुकान चालवतोय. दुसऱ्याचं कुलूप कसं उघडतं हे ज्याला ठाऊक, त्याला स्वतःचं बंद कसं ठेवायचं हे काय शिकवायचं?

म्हणून बँकेतल्या साहेबांनी ‘कवच खातं’ असं नुसतं म्हटलं आणि माझे कान टवकारले. साधं खातं फुकट. कवच खात्याला दर महिन्याला फी. त्यात एक जाडजूड काळं कार्ड, शाखेत बसायला वेगळी खोली, खोलीत मऊ खुर्ची. आणि मुख्य म्हणजे ओळखचोरीपासून संरक्षण! कोणी माझ्या नावाने काही करतंय असा नुसता संशय आला, की बँक खातं जागच्या जागी गोठवणार.

बायको औषधांच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांना महागाचं सोडून स्वस्तातलं औषध सुचवत असते, आणि घरी आल्यावर मला.

“अहो, फुकटच्या खात्याला काय धाड भरलीय?”

“भरलेली नाही, भरू नये म्हणूनच!”

“तुमची ओळख चोरणार कोण? खालच्या मजल्यावरचे काका आठ वर्षं तुम्हाला प्लंबर समजतायत. चोराने नेलीच, तर दोन दिवसांत परत आणून देईल. आणि फी बघा! नाकापेक्षा मोती जड!”

मी सगळी शिल्लक कवच खात्यात हलवली. अर्जात सुरक्षेचे तीन प्रश्न होते. पहिली शाळा कोणती, आईचं जन्मगाव कोणतं, वगैरे. खरं उत्तर कोणालाही शोधता येतं, म्हणून मी डोकं चालवलं. शाळा : बटाटा. आईचं गाव : कांदा. पहिला मालक : गाजर. शेवटी एक रकाना होता, ‘विश्वासू व्यक्ती’. मी खरंच मी आहे का असा प्रश्न पडला तर बँक या व्यक्तीला फोन करणार. तिथे बायकोचं नाव यायला हवं होतं. पण ‘प्लंबर’ माझ्या डोक्यातून जात नव्हता. मी आईचं नाव लिहिलं.

आता आई पडली भोळी. चुकून लागलेल्या फोनवरसुद्धा ती समोरच्याच्या तब्येतीची चौकशी करायची. म्हणून मी तिची शिकवणी सुरू केली. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात उभं राहून मी बाहेरच्या खोलीत बसलेल्या तिला फोन लावायचो आणि आवाज बदलून बोलायचो.

“हॅलो, बँकेतून बोलतोय. तुमच्या मुलाबद्दल माहिती हवी होती.”

“विचारा ना! पण तुमचा घसा बसलाय हो. गरम पाणी घ्या आधी.”

“आई! मी चोर आहे!”

“म्हणून काय घसा दुखत नाही?”

पंधरा दिवस डोकं फोडलं. शेवटी एकच वाक्य पाठ करून घेतलं. माझ्याबद्दल कोणी काहीही विचारो, म्हणायचं, ‘मी त्याला ओळखत नाही. मला मुलगाच नाही!’

“अरे, असं कसं म्हणू तोंडाने?” तिचा चेहरा उतरला होता. “लग्नानंतर चार वर्षांनी झालास तू मला.”

“चोराला काय कळतंय? आणि हो, हल्ली चोर हुबेहूब मुलाचा आवाजही काढतात. फसायचं नाही!”

हळूहळू जमलं तिला. नुसतं जमलं नाही, त्यात तिला मजा यायला लागली. एकच गोष्ट शेवटपर्यंत जमली नाही. फोन पालथा घातला की तो बंद होतो, अशी तिची ठाम समजूत होती. मी म्हटलं, असू दे, मुख्य धडा तर आला.

आणि एका गुरुवारी सकाळी आई पाणी भरता भरता खाली बसली ती उठलीच नाही.

हृदयाची झडप गेली होती. रुग्णालयात डॉक्टरांनी सरळ सांगितलं, “नवी बसवायला हवी. झडप बाहेरून मागवावी लागते. आत्ता पैसे भरलेत तर संध्याकाळी येईल, उद्या सकाळी करून टाकू. याहून लांबवू नका.”

मी छाती पुढे काढून काउंटरवर गेलो आणि काळं कार्ड ठेवलं. यंत्राने ते नाकारलं. दुसऱ्यांदाही नाकारलं. तेवढ्यात माझा फोन वाजला.

“कवच विभागातून बोलतेय. तुमच्या खात्यातून अचानक मोठी रक्कम काढण्याचा प्रयत्न होतोय.”

“मीच काढतोय, ताई! आईचं ऑपरेशन आहे!”

“चोर साधारण असंच सांगतात, सर. तीन प्रश्न विचारते. तुमची पहिली शाळा?”

आई वर नळ्या लावून पडलेली. अशा वेळी माणूस खरं बोलून जातो. मी शाळेचं खरं नाव सांगितलं.

“चूक. आईचं जन्मगाव?”

तेही खरं सांगितलं.

“हेही चूक. पहिला मालक?”

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! “थांबा! बटाटा!”

“मालक बटाटा?”

“नाही, शाळा बटाटा! मालक गाजर! का कांदा होता?”

 मग ती फार हळू आवाजात म्हणाली, “सर, शाखेत जाऊन अंगठा लावा.”

शाखा त्याच रस्त्यावर होती. धावत गेलो. त्या मऊ खुर्चीत बसून यंत्रावर अंगठा टेकवला. लाल दिवा. दुसरा अंगठा. लाल. मग दहाही बोटं लावून झाली. तीस वर्षं कानशीने किल्ल्या घासल्या, त्यात बोटांवरच्या रेघाही घासून गेल्या, हे मला त्या दिवशी कळलं. साहेबांना माझा चेहरा माहीत होता. पण कवच खात्यात चेहरा चालत नाही म्हणाले.

“घाबरू नका, एक मार्ग आहे. मुख्य कार्यालयातून तुमच्या विश्वासू व्यक्तीला फोन जाईल.”

“नको!” मी किंचाळलो. “फोन करू नका! ती म्हणेल मी तिचा मुलगाच नाही!”

हे वाक्य साहेबांनी शांतपणे कागदावर उतरवून घेतलं.

मी रुग्णालयाकडे पळत सुटलो. पळता पळता आईला फोन लावला.

“आई, मी बोलतोय! आता बँकेतून फोन येईल, त्यांना सांग...”

“माझ्या मुलाचा आवाज काढतोस होय रे, चोरा?” आवाज खोल गेला होता, पण ठसका तोच. “मी त्याला ओळखत नाही. मला मुलगाच नाही!” आणि बहुधा फोन पालथा घातला. मलाच तो तोडावा लागला.

तीन मजले मी कसे चढलो, माहीत नाही. दारात पोचलो तेव्हा आईने तोंडावरचा मास्क बाजूला धरला होता आणि फोन कानाला होता. “कोण? छे! नाही ओळखत. मला मुलगाच नाही!”

फोन उशीशी पालथा घालून तिने वर पाहिलं. मी दिसलो. असा आनंद मी तिच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

“दोन दोन चोर आले होते रे! दोघांनाही हाकललं. बरोबर बोलले ना?”



“बरोबर, आई. शंभरपैकी शंभर.”

खातं गोठलं. आईने स्वतः बँकेतल्या त्या फोनवरच्या मुलीशी बोलायची तयारी दाखवली. मुलगी म्हणाली, विश्वासू व्यक्तीने एकदा नाही म्हटलं की बदल करता येत नाही, चोर धमकावूनही बोलायला लावतात. आता कामकाजाचे तीन दिवस. मध्ये शनिवार-रविवार. बायकोने आपलं फुकटचं खातं रिकामं केलं, औषधांच्या दुकानाच्या मालकाकडे शब्द टाकला, बहिणीकडे गेली. मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. पैसे जमले शनिवारी दुपारी. झडप रविवारी बसली.

सोमवारी आई गेली.

“दोन दिवस आधी झालं असतं तरी काही सांगता आलं नसतं,” डॉक्टर म्हणाले. हे ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

मंगळवारी खातं सुरू झालं. बँकेचं पत्र आलं, चांगल्या जाड कागदावर. ‘अभिनंदन! आपली ओळख चोरण्याचा प्रयत्न हाणून पाडण्यात आम्हाला यश आले आहे.’ फीसुद्धा कापली होती.

मी ते पत्र घेऊन शाखेत गेलो. भांडायला, खातं बंद करायला. साहेबांनी मऊ खुर्ची दिली, चौकशीची फाईल काढली आणि नियमाप्रमाणे पुरावा म्हणून आईच्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं. ‘मला मुलगाच नाही!’ ऐकवून ते बंद करायला गेले. मी त्यांचा हात धरला.

कारण रेकॉर्डिंग संपलं नव्हतं. फोन पालथा होता ना! त्या मुलीने पुढचं ऐकलंच नव्हतं. बँकेत कोणीच ऐकलं नव्हतं. उशीतून आल्यासारखा आवाज आला, ‘दोन दोन चोर आले होते रे! बरोबर बोलले ना?’ आणि मग माझा.

साहेबांनी फाईल मिटली. मग म्हणाले, रेकॉर्डिंग बाहेर देता येत नाही. खातं चालू आहे तोवर ग्राहकाला इथे बसून ऐकता येतं. बंद केलं की पुसलं जातं.

तर आता लोक मला विचारतात, तुम्ही कवच खातं वापरता ना? घेण्यासारखं आहे का? मी सांगतो, अजिबात घेऊ नका! फुकटचं खातं उत्तम. बायकोचं ऐका. उत्तरं खरी लिहा.

मी मात्र महिन्यातून एकदा शाखेत जातो आणि त्या मऊ खुर्चीत बसून अकरा सेकंद ऐकतो. फी गेल्याच महिन्यात वाढली. तरी पैसे वसूल आहेत.